कोऱ्या चपला

माजं म्हायेर माळशिरसकडचं, उसाच्या बागायतीतलं, आन दिलं मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, जितं नुसता शाळू, थंडीतली जवारी. आई म्हणाली, ही उसातली पोरगी, जिरायतीत टिकंल का? टिकले की! शाळू उपटायला माज्या म्होरं कोण सरायचं न्हाय. आमच्यात सावड असती, आज समद्या बायका माज्या रानात, उद्या मी त्यांच्यात, मजुरी न्हाय का काय न्हाय, अंगानं फेडायचं. शेवंता माजी सावडकरीण, शेजारशेजारची पात, म्हंजी उपटायची वळ, धरायचो, हातापरीस जीब जास्त चालायची दोगींची.

मग एकदा कडबा भरताना ट्रॉलीवरनं पडले. पेंडी वर घेत व्हते, पाय सटाकला, पाठीवर आपटले. काय सांगू तुमाला, दुखलं न्हाय म्हणून मी हसले बगा, शेवंताला म्हणलं, काय न्हाय गं, उठते. कुटली उठतीया! कमरंखाली कायच न्हवतं.

पाठीत सळ्या घातल्या, घरी निजून निजून जखमा झाल्या, तवा मालकांनी हितं सोलापुरात मावशीच्या खोलीत आणून ठिवलं, हितल्या दवाखान्यात ते मशीन हाय म्हणून. मावशी धुण्याभांड्याला जाती ती दिवस कलल्यावरच येती. माजी पोरगी साळंपायी गावात, आजीजवळ. मग दिवसभर मी आन भिंतीवरची पाल. पालीशीबी बोलते, हसू नगा. पाठीखालचं काय कळत न्हाय मला, पण एकटेपण वर छातीत असतंय बाई, तितलं समदं कळतंय.

मशीन म्हंजी सायकलच, खुर्चीत बसून फिरवायची. दवाखान्यातली मॅडम मांड्यांवर चिकटपट्ट्या लावती, वायरी जोडती, करंट सोडती, आन पाय आपलं आपणच पायडल मारत्यात. वरचं पायडल म्या हातानं फिरवायचं, घाम गळस्तोवर. पैल्यांदा पाय हाललं तवा मी रडले. कळत कायबी न्हवतं, पण माजंच पाय व्हतं की. मॅडम म्हणाली, ताई, हे स्नायू वाळू नयेत, रक्त फिरावं, जखमा होऊ नयेत म्हणून आहे, ह्यानं तुम्ही चालाल असं मी म्हणणार नाही. म्या व्हय म्हणलं.

मावशीनं मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला आन मालकांना धाडला. झालं! आत्याबाईंनी, म्हंजी माज्या सासूनं, नारळ फोडला, गावभर सांगत सुटल्या, सून चालाय लागली. शेवंताचा फोन, कांते, तू निजून व्हतीस तवा आमी तुजं रान उपटलं, यंदा तुजी पाळी, तुजी पात राखून ठिवलीया. म्या म्हणलं, अगं बाई, ते करंटानं फिरत्यात. तर म्हणती कशी, मग करंट घिऊन ये की!

आन एक दिवस मालक जीप घिऊन आले, मला न्यायला. हातात नव्या चपला. थेट मशीनपाशी आले. पाय फिरत व्हतं, ते बगून त्यांच्या डोळ्याला पाणी आलं. मग मॅडमनं बटन बंद केलं आन पाय थांबलं. मालक हुबंच, आता उठंल, मग उठंल. उठ की, म्हणाले. लई हळू म्हणाले. मॅडमनं त्यांना नीट समजावलं, त्यांनी मान हालवली. म्या म्हणलं, अशीच न्या मला, खुर्चीत बसून भाकरी थापीन, बांधावर बसून कणसं खुडीन, पोरीजवळ राहीन. ते म्हणाले, घराला पायऱ्या हायती, बघू. चपला माज्या पायाशी ठिवल्या आन जीप मोकळीच नेली.

आता हातात लई ताकद आली, खाटंवरनं खुर्चीत माजी मी सरकते. फोनवर सांगते, पायऱ्यांवर नुसता उतार करा, बाकी मी बगते. बघू म्हणत्यात. गावात काढणी सुरू झाली, शेवंताच्या फोनात बायकांचा कालवा ऐकू येतोय. माजी पात कुणाला दिली, ते इचारत न्हाय मी. सायकलीवर त्याच चपला घालून बसते. एवढं पायडल मारलं, पर चपलांचा तळ कोराच हाय बगा.

तुमी आलासा, बसून ऐकलंसा, देव तुमचं पाय धड ठिवो. आन जाताना दार ओढू नगा बाई. जीप आली तर हितनं दिसती.