नेम सांगून थांबायचं

…नको, पंखा चालू राहू द्या. आज इथे पत्ते मांडलेले नाहीत, काही उडणार नाही. आम्हा लोकांची सवयच आहे ही. कुणी बोलायला उभं राहिलं की एक जण पंखा बंद करायला धावतो.

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आमच्या छापखान्याचे प्रमुख, म्हणजे आम्हा सगळ्यांचे मामा. समोर बसलेले चित्रकार, खेळाडू आणि घरची मंडळी. आणि ज्यांच्यासाठी हे सभागृह भरलं आहे त्या, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या वहिनी. सर्वांना नमस्कार.

अध्यक्ष मघाशी मला मोकळेपणाने म्हणाले, "मला तुमच्या पत्त्यांतलं ओ की ठो कळत नाही. राक्षस आणि जादूगार, एवढं चित्रात दिसतं." साहेब, चित्रात दिसतं ते सोपं असतं. वहिनींनी आयुष्यभर सांभाळलं, ते चित्राखाली बारीक अक्षरात असतं. नियम.

त्यातला एकच सांगतो. एखाद्यावर पत्ता टाकायचा, तर कुणावर ते आधी मोठ्याने सांगायचं आणि तिथे बोट ठेवायचं. याला आम्ही नेम म्हणतो. मग थांबायचं. समोरच्याला उत्तराची संधी असते. तो गप्प राहिला तर पत्ता लागू. पण लागू होण्याआधी पुन्हा बघायचं: ज्याच्यावर नेम धरला तो अजून खेळात आहे ना? नसेल तर पत्ता फुकट.

आता कुणी विचारेल, खेळाडू खेळातून जातो केव्हा? हरला तर. किंवा त्याने स्वतः हातातले पत्ते उलगडून ठेवले तर. नुसतं खुर्चीवरून उठून गेल्याने कुणी जात नाही.

दादा तसेच उठून गेले.

दादा म्हणजे वहिनींचे यजमान. हा खेळ त्यांनीच काढला. त्या दुपारी चाचणीच्या खोलीत त्यांचा माझ्याशी डाव चालू होता. त्यांनी हातातले पत्ते पालथे ठेवले आणि म्हणाले, "चहा सांगून येतो. माझ्या पत्त्यांना हात लावलास तर याद राख." जिन्यात बसले, ते पुन्हा उठले नाहीत.

पाळी माझी होती. वहिनींनी टेबलावर काचेचं झाकण करून घेतलं आणि शेजारच्या टेबलावर स्वतःचं काम मांडलं. बरीच वर्षं झाली याला. नियमात कुठे अडलं की त्या काचेकडे बघून विचारायच्या, "काय रे, चालेल का?" मग थांबायच्या. मग लिहायच्या. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "वहिनी, उत्तर येतं का?"

"नाही आलं तर होकार समजायचा. नियमच आहे ना तो?"

आम्ही हसलो. त्या हसल्या नव्हत्या, हे नंतर लक्षात आलं.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. "मी चालले. तू तुझी खेळी कर."

"वहिनी, काच काढू, पत्ते गोळा करू. झालं."

"दुसऱ्याच्या हातातल्या पत्त्यांना हात लावायचा? एवढंही शिकला नाहीस? अरे, डाव अर्धा टाकून मी घरी जाऊ कशी? त्याला इथे एकटा बसवून?"

माझ्या हातात दादांच्या त्या दुपारपासून एक पत्ता आहे, हद्दपारी. ज्या खेळाडूवर नेम, तो खेळाबाहेर. दादांना मोकळं करायला तेवढा एकच उपाय होता.

काल दुपारी आम्ही काच उचलली. मामा पंच म्हणून उभे राहिले. वहिनींनी खुर्ची ओढली ती दादांच्या बाजूला, आणि तळहात टेबलावर ठेवला. मी पत्ता टाकला, समोरच्या कडेवर बोट ठेवलं. "नेम, दादा."

"मोठ्याने बोल. डाव्या कानाने त्याला कमी ऐकू येतं," वहिनी म्हणाल्या.

मी मोठ्याने बोललो. मग थांबलो. किती थांबायचं ते नियमात नाही. समोरच्याला पुरेल इतकं, असं आहे. पंखा बंद होता. खिडक्या बंद होत्या. पालथ्या गठ्ठ्यातला मधला एक पत्ता सरकत बाहेर आला आणि सुलटा झाला.

आरसा. आपल्यावर आलेला नेम खेळातल्या दुसऱ्या कुणावर तरी वळवणारा पत्ता.

मामांनी विचारलं, "हे… चालतं का?"

वहिनींनी वाकून पत्ता वाचला. "चालतं. उत्तर वेळेत आहे."

तेव्हा मामांना ते दिसलं आणि मलाही. शेजारी बसून कुजबुजणाऱ्यांना आळा घालायला वहिनींनीच एक नियम केलेला आहे: खेळाडूच्या बाजूने टेबलाला हात लावून जो बसेल तो त्याचा जोडीदार, आणि त्याच्यावरही नेम धरता येतो.

"वहिनी, हात काढा," मामा म्हणाले.

"पंचांनी मध्ये बोलायचं नसतं, मामा."

त्यांनी हात काढला नाही. डोळे मिटले. मंडळी, मी त्यांना इतक्या वर्षांत कशाची अशी वाट बघताना पाहिलं नव्हतं. काल पाहिलं.

मग माझ्या मनगटावर, इथे, बोट टेकलं. थंड होतं. वहिनींचं नव्हतं ते, त्यांचा तळहात टेबलावरच होता.

"माझ्यावर," मी म्हणालो.

वहिनींनी डोळे उघडले. बराच वेळ रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मग नियमाप्रमाणे मला विचारलं, "तू अजून खेळात आहेस ना?"

"आहे."

"मग लागू." आणि मामांकडे वळून म्हणाल्या, "बघितलंत? जोडीला बसले तरी मला नेलं नाही. पहिल्यापासून असाच आहे."

डाव दादांनी जिंकला. जिंकणाऱ्याचे पत्ते जोडीदाराला उचलता येतात. वहिनींनी ते उचलले, पदराने पुसले आणि पर्समध्ये ठेवले.

वहिनी, हे सगळं सांगायला तुम्ही परवानगी दिलीत, तुमचे आभार. अध्यक्षांनी आणि पाहुण्यांनी पत्त्यांतलं काही न कळता शांतपणे ऐकून घेतलं, त्यांचेही. कुणाला मान द्यायचा राहिला असेल, काही भलतं बोललो असेन, तर पोटात घाला.

आज सकाळी मी नेहमीसारखा कामावर आलो. दारातल्या हजेरीच्या यंत्राने वहिनींना ओळखलं. मला ओळखलं नाही. वॉचमनने ओळखलं, पण त्यालाही थोडा वेळ लागला.