काचेची पट्टी

चष्म्याच्या दुकानात प्लंबर आपल्या नंबराची वाट बघत बसला होता. शेजारच्या बाकावर साठीच्या आसपासच्या नणंद-भावजया बोलत होत्या.

"वहिनी, तुमच्या भिंतीच्या भेगेचं काय झालं?"

"इंजिनिअर येतात की महिन्याला. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवलीय त्यांनी. भिंत हलली तर काच तडकणार."

"मग, तडकली?"

"छे. दीड वर्षात भिंत तसूभर हलली नाही."

"तरी येतात?"

"म्हणतात, भिंतीचा भरवसा धरू नये."

"चहा घेतात?"

"दोनदा."

प्लंबरचा नंबर पुकारला गेला. त्याने मागच्या माणसाला पुढे धाडलं.

"वन्सं, एक सांगू? रागावू नका. दोन महिन्यांपूर्वी जळमटं काढताना ती पट्टी हातात आली. अख्खीच्या अख्खी. माझ्या ड्रॉवरमध्ये पडलीय."

"अगंबाई. आणि इंजिनिअर?"

"त्यानंतर दोनदा आले. दोन्ही वेळा वहीत लिहून गेले, काच शाबूत आहे म्हणून."

"भिंतीकडे बघितलंच नाही?"

"भिंतीकडे पाठ करून बसतात हो."

"आणि भिंत खरंच हलली असती तर?"

"मी भेगेवर कागद चिकटवलाय ना. रोज सकाळी बघते. कुठे फाटला नाही."

नणंद जरा वेळ पर्सच्या चेनशी चाळा करत बसली.

"दादाला जाऊन नऊ वर्षं झाली, नाही?"

"दहावं लागलं."

"आता कधी येणार आहेत ते इंजिनिअर?"

"उद्या. सकाळी पट्टी परत चिकटवून ठेवू का, वन्सं?"

"राहू द्या ड्रॉवरमध्येच. बघू, किती महिने लक्षात येत नाही ते."