एकशे बारा

आदिलाबादच्या लॅबमध्ये रक्त द्यायच्या रांगेत माझ्यापुढे बेला गावच्या रुख्मिणीबाई होत्या. रक्त घेणारे जयदीप त्यांना म्हणाले,

"मावशी, बसा जरा. पयले मशीन तपासून घेतो."

"थे कसं तपासता, जयदीपबाबू?"

"मागच्या वर्षी पेशंटांच्या रक्तातलं उरलेलं सीरम, म्हणजे वरचं पिवळं पाणी, एकत्र करून फ्रीजरात ठेवलं. रोज सकाळी त्यातलं थोडं लावतो. साखर एकशे बाराच्या आसपास आली, की मशीन बरोबर."

"मागच्या वर्षी आमचे मालक दर सोमवारी येत होते. दिवाळीच्या आधी गेले."

"उद्धवराव ना? त्यायचंबी हाय त्यात."

"म्हणजे रोज इथं येऊनच राह्यले."

"वीस जणांचं हाय, मावशी. वेगळं नाई काढता येत."

"नका काढू. त्यायले चार माणसांतच करमे. आज किती आली?"

"एकशे बारा."

"बरे हायत मंग. अजून किती दिवस पुरंल?"

"उद्यापुरतंच हाय. परवापासून नवीन लावू. द्या हात."

"माह्यं रक्त उद्या घ्या, बाबू."

"काऊन? इतक्या दुरून उपाशी आल्या ना तुमी?"

"उद्याबी उपाशीच येतो."