कादंबरीतला उपाय आणि आमची सुमी

हसू नका, पण आमची सुमी सगळं विसरली तर, या काळजीने माझा रात्रभर डोळा लागला नाही. चार वर्षांची पोर बोंबील वाळत घालायच्या बांबूवरून पडली, कपाळाला टेंगूळ आलं. आणि नेमकी मी वाचत होते एक रहस्यकादंबरी, जिच्यात डोक्याला मार लागून नायक सख्ख्या आईलाही ओळखत नाही. काही उपाय सापडेल म्हणून शेवटपर्यंत वाचली. तर काय, नायक दाराच्या चौकटीवर पुन्हा आपटतो आणि त्याला सगळं आठवतं! एवढ्यासाठी एवढी पानं? आणि हा उपाय मी पोरीवर करू कसा?

सकाळपासून मी विचारत सुटले, "सुमे, मी कोण?" दर वेळी ती "आई" म्हणायची. माझी मेलीची खात्रीच पटेना.

दुपारी आगरची जमनामावशी मासळी घेऊन आली. माझं रडगाणं ऐकून तिने टोपलीतला एकेक मासा सुमीपुढे धरला. "ह्यो काय गो?" बोंबील, मांदेली, बोय, सुमीने धडाधड सांगितलं.

"काय पन नाय झाला पोरीला," मावशी म्हणाली.

तरी मी वाकलेच. "आणि मी कोण गं?"

सुमीने मावशीचा पदर ओढला. "आता तूच सांग हिला. मी सकाळपासून सांगतेय, हिच्या लक्षातच राहत नाही."