हाव म्हणणाऱ्याची लेक

काय सांगू तुम्हाला, माझी गोष्ट माझ्यापासून सुरू होतच न्हाई, ती आमच्या दादापासून सुरू होती. दादा म्हणजे वडील, आम्ही वडलांला दादाच म्हणतो. आमचं गाव अहमदपूरपासून आत, एस्टी फाट्यावर सोडती आन तिथून चालत यावं लागतं, काळी जमीन, सोयाबीन, तूर, आन रानाच्या कडंला चिंचा. दादांचं नाव गावात कोण घेत न्हाई, माघारी सगळे हाववालाच म्हणतात. हाव म्हणजे हो, आता आमच्याकडं हो कोण म्हणतंय, सगळे हावच म्हणतात, पण दादा जरा जास्तच म्हणायचे. कुणी म्हणलं शिडी पाहिजे, हाव, घेऊन जा. कुणी म्हणलं ट्रॅक्टर पाहिजे, हाव. एकदा तर एकाच तिथीच्या दोन लग्नांला वऱ्हाड न्यायला हाव म्हणून बसले, आन मंग एक वऱ्हाड मांडवात पोचलं आन दुसरं फाट्यावर बसून शिव्या देऊ लालं. माय म्हणायची, ह्यांच्या जिभंवर न्हाई हा शब्द देवानं ठिवलाच न्हाई. आमची शिडी आमच्या घरी मी कधी बघितलीच न्हाई, चिंचा झोडायच्या असल्या की आपलीच शिडी लोकांकडून मागून आणायची, आन लोकबी म्हणायचे, दिवस मावळायच्या आत परत द्या बरं का. हसू नका, खरंच सांगू लाले.

आन मी त्यांचीच लेक. मायनं म्हणलं पाणी आण, हाव, चुलतीनं म्हणलं लेकरू सांभाळ, हाव, शाळेत कुणी म्हणलं माझं दप्तर धर, हाव. शाळेला अहमदपूरला जायचे. तिथं नवे खेळाचे सर आले, नांदेडच्याबी पलीकडचे, ते बोलायचे काय करून राहिली गं, आन आमच्याकडं म्हणतात काय करू लालीस, तर पहिल्या दिवशी पोरी त्यांच्या बोलण्यालाच हसल्या. त्या सरांनी फुटबॉल आणला. तवर आम्हाला खो-खो आन कबड्डी, एवढंच मालूम. सरांनी एकेकीला जागा दिली आन मला मागं गोलापाशी उभं केलं, म्हणले ही जागा सोडायची न्हाई, मी म्हणलं हाव. झालं, खेळ सुरू झाला, साऱ्या पोरी बॉलमागं, मधमाश्यावानी एकच घोळका, आन मी एकटीच तिथं उभी. सर आले, म्हणले तू काहून उभी, जा की. म्हणलं, तुम्हीच म्हणलाव जागा सोडायची न्हाई. सर बघतच ऱ्हायले. मंग म्हणले, तुझ्यासारखी मिळत नसती, तू डिफेंडर. तर असं हाय बघा, लोकांला वाटतं मी लई जिद्दीनं हे निवडलं, मी काय निवडलं न्हाई, ऐकलं म्हणून झाले.

दहावीनंतर सर घरी आले, दादांला म्हणले हिला नांदेडला पाठवा, कॉलेजबी होईल आन खेळबी होईल. माय आतून खुणा करू लाली, नका म्हणू, नका म्हणू. दादा म्हणले हाव. तेवढं एकच हाव मायला लई दिवस टोचलं. पण मी गेले. हॉस्टेल, सकाळी सराव, विष्णुपुरीच्या अंगाला एक मैदान होतं, धरणाकडून वारा सुटला की उंच आलेला बॉल मधीच वाट बदलायचा. तिथं माझे डोळे तयार झाले. बॉल कुठं चाललाय ते बघायचं न्हाई, कुठं पडणार ते बघायचं. आन त्या वाऱ्यानंच मला पुढं नेलं म्हणा, कारण दूरच्या एका मोठ्या शहरातल्या क्लबाची माणसं पोरी बघायला आली तवा वारा सुटलेलाच होता, बाकीच्या डिफेंडर पोरी बॉलखालून पळून जाऊ लाल्या आन मी आपली जिथं पडणार तिथं उभी. मला घेतलं. पगारी खेळाडू. दादांला फोन केला, जाऊ का, हाव. माय म्हणली, विचारतीस कुणाला, तिथून दुसरं काय येणार हाय.

आता हितून नीट ऐका, कारण घोळ हितं हाय. दादा मला हाव म्हणले त्याच उन्हाळ्यात मुरुडच्या पाहुण्यांलाबी हाव म्हणून बसले. स्थळ आलं होतं. पोरगा चांगला होता, खोटं कशाला बोलू, दुकान, कशाचं व्यसन न्हाई, बोलायला मऊ. त्यांचं म्हणणं, पोरगी खेळती तर खेळू द्या एखादं वर्ष, मंग सुपारी फोडू आन लगीन करू, मंग घर बघंल. दादा म्हणले हाव. दोन वऱ्हाडं, ट्रॅक्टर एकच, तसंच झालं. मला मायनं फोनवर सांगितलं, मी काय म्हणले आसंल? हाव म्हणले.

क्लबात माझी लई फजिती व्हायची. जेवणाची सवय व्हायलाच किती दिवस गेले, भाकरी न्हाई, ठेचा न्हाई. पोरी कुठल्या कुठल्या, तमिळ, बंगाली, ओडिशाच्या. आमची गोलकीपर मेमचा, मणिपूरची, खोलीतबी माझ्यासंगंच. तिला हिंदी थोडी, इंग्रजी जरा जास्ती, आन माझी हिंदी म्हणजे नांदेडची हिंदी, ती नांदेडबाहेर कुणाला कळती? तरी आमचं जमायचं. ती मला सुकी मासोळी खाऊ घालायची, मी हाव म्हणून खायचे आन मंग मोरीकडं पळायचे. कोच मॅडम म्हणायच्या, तू रोखतीस चांगलं पण बोलत न्हाईस, स्टॉपरला, म्हणजे मधल्या डिफेंडरला, तोंड लागतं, मागून सगळं तुला दिसतं, तर तू वरडून सांगायला पाहिजे. मी म्हणायचे हाव, आन गप.

त्यात ती मॅच आली. बरोबरी ऱ्हायली असती तरी आम्ही पुढं जात होतो. मोबाईलवर थेट दाखवू लालते, गावात पारावर सगळे जमले होते, दादा मधी, मुरुडलाबी पाहुणे बघत होते. शेवटाला एक बॉल उंच आला, माझ्या आन मेमचाच्या मधी पडणारा. ती गोल सोडून पुढं धावली, वरडली माईन, म्हणजे माझा. मी म्हणलं हाव! म्हणजे काय, हाव बाई, तुझाच, घे. आन मी थांबले. तर तीबी थांबली! आन बॉल आमच्या दोघीच्या मधून, कोंबडी दिवस मावळता खुराड्यात जावी तसा, टुकूटुकू गोलात गेला.

कपडे बदलायच्या खोलीत आमचं लई वाजलं. ती म्हणती तू बोलली तुझ्याकडं हाय, मी म्हणते मी बोलले हाव, ती म्हणती तेच तर, हॅव, आय हॅव, मी म्हणते हॅव न्हाई गं माय, हाव! हाव, हॅव, हाव, हॅव, सगळ्या पोरी तोंडाकडं बघू लाल्या. कोच मॅडम म्हणल्या, थांबा, हाव म्हणजे काय? म्हणलं, येस. मंग मेमचाच आधी हसली, हसता हसता रडली, आन मीबी. पण मॅडम हसल्या न्हाईत. पुढच्या मॅचला मी बाहेर, बाकावर.

आन गावात काय झालं, पारावर कुणीतरी म्हणलं, बघा, बापाचीच लेक, बॉललाबी न्हाई म्हणली न्हाई, या म्हणली, घर तुमचंच हाय. सगळे हसले, दादाबी हसले म्हणं. पण मायनं सांगितलं, घरी आल्यावर ते जेवले न्हाईत. मला बाकाचं वाईट वाटलं त्याच्याहून ते जास्त लागलं. आन त्याच आठवड्यात फोन, मुरुडचे पाहुणे येऊ लालेत, सुपारी फोडायची, येऊन जा. खेळणं तर तसंबी सुटू लालं होतं, म्हणलं हाव.

मेमचाला सांगितलं तर ती भडकली. रोज सराव झाल्यावर सगळ्या गेल्या की मला गोलापुढं उभं करायची आन मागून वरडायची, जोर से, और जोर से. नुसतं वरडायचं, बॉल बी न्हाई. मला लाज वाटायची, आमच्याकडं पोरीनं एवढं वरडलं तर लोक काठ्या घेऊन येतील साप निघाला म्हणून. पण होता होता आवाज फुटला. बेंबीपासून यायचा. निघताना स्टेशनवर ती म्हणली, घर जाके हाव मत बोलना. मी म्हणलं हाव. तिनं कपाळ बडवून घेतलं.

सुपारीचा दिस. ओसरीत सतरंजीवर बाप्ये, मधी ताट, ताटात सुपारी आन अडकित्ता, आम्ही बाया आत. मला साडी नेसवलेली, मी दाराआड उभी, तिथून दादांचं तोंड दिसत होतं. पोराचा चुलता म्हणला, पाहुणे, सुपारी फोडायच्या आधी एकदा साफ करून टाका, लग्नानंतर पोरगी खेळायला जाणार न्हाई, बरोबर हाय ना? सगळे दादांकडं बघू लाले. दादांनी तोंड उघडलं. मला त्या तोंडाची ठेवण मालूम हाय हो, जन्मापासून बघितलेली, ते आता काय म्हणणार ते मला बॉल पडायच्या जागेसारखं दिसलं. आन माझ्या तोंडून निघालं, न्हाई! तो मैदानावरचा आवाज, दावणीची म्हैस उठून उभी ऱ्हायली.

तर चुलता खूश! म्हणला बघा, पोरगी स्वतःच म्हणू लाली, न्हाई जाणार. अगं माय, आता काय करावं. पुन्हा एका शब्दानं घात केला. मंग मी बाहेरच आले, पदर खोचलेला, म्हणलं, मामा, न्हाई म्हणजे खेळ सोडणार न्हाई. तुमचं पोरगं चांगलं हाय, माझी तक्रार न्हाई, पण मी बाकावरूनच खेळ संपवून घरी येणार न्हाई, मी परत जाणार. चुलता दादांला म्हणला, पाहुणे, शब्द तुम्ही दिलाय, तुम्ही बोला.

दादांनी सुपारी हातात घेतली, फिरवली, परत ताटात ठिवली. म्हणले, हाव.

चुलता म्हणला, हाव म्हणजे? हाव कुणाला?

दादा म्हणले, पोरीला.

पाहुणे चहा पिऊन गेले, कुणी वाईट बोललं न्हाई, ते तर आणखीनच वाईट वाटलं. दादांनी जाणून मोडलेला तो पहिला शब्द. गावात लोक पहिल्यासारखं त्यांच्याकडं काय मागायला येईनात, मायला दारामागं शिडी उभी दिसली की म्हणायची, चला, शिडी तरी घरी आली. ती हसण्यावारी न्यायची, पण दादा त्या शिडीकडं बघत बसायचे, मला दिसायचं. माझ्या न्हाईची किंमत त्यांच्या मानानं भरली, मला मालूम हाय, त्याला मी काय म्हणू.

मी परत गेले, थोडे दिवस बाकच राखला, मंग मॅडमनी आत घेतलं. आता मी कप्तान हाय मागच्या फळीची, मॅडम म्हणतात तुझं तोंड आता बंद कर. गुडघा दुखतो, अजून किती खेळंन सांगता येत न्हाई, सुट्टीत आले की अहमदपूरच्या शाळेत पोरींला शिकवते. लगीन व्हायचं तर होईल, न्हाई तर न्हाई, माय अजून फोटो दाखवती, मी आता तोंड भरून न्हाई म्हणते.

दादांला आता नीट दिसत न्हाई. मॅच असली की पारावर मोबाईल डोळ्यापुढं न्हाई, कानाला लावून बसतात. लोक म्हणतात अहो बघा तरी, ते म्हणतात थांबा, ऐकू द्या. कारण आमच्या क्लबात आता नियमच झालाय, बॉल उंच आला आन मेमचा माईन म्हणून धावली, की मी, ती तमिळ पोरगी, ती बंगाली, सगळ्या मिळून वरडतो, हाव! म्हणजे तुझाच, घे, आम्ही सोडला. ह्या सालात अजून असा एकबी बॉल आत गेला न्हाई. मायनं सांगितलं, तिकडून ते हाव ऐकू आलं की दादा पारावर बसल्या जागी मान हलवतात, आन हळूच, कुणी काय मागितलेलं नसताना, म्हणतात, हाव.