मुद्दाम हरणं

नवी पेठेतल्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघी नणंद-भावजय बसल्या होत्या. भावजयीच्या नवऱ्याला, रुद्रप्पांना, डॉक्टर आत तपासत होते.

“वैनी, अण्णा अजून चौकाबारा खेळतोय म्हनं?”

“व्हय. रोज तेच जिंकत्यात.”

“मग डोकं चांगलं हाय की. विसरतोय म्हनून उगंच घाबरलो आपण.”

“श्रीदेवी, मी मुद्दाम हरतीय गं.”

“ते कसं? कवड्या काय तुझ्या हातात हायत? नशिबाचा खेळ तो.”

“कवड्या नशिबाच्या. पण कुटली सोंगटी हलवायची, ते डोक्याचं. म्हणून तर हरता येतंय.”

“पूर्वी तू मुद्दाम हरलीस की अण्णा लगेच वळखायचा. लई चिडायचा.”

“म्हणूनच हरतीय की. आज तरी माझ्यावर चिडतील, असं रोज वाटतंय.”