मान्यवर सभासदांची यादी

सांगते ऐका. आमच्या संत तुकाराम नगरातल्या बंधुमंडळाच्या स्मरणिकेसाठी मान्यवर सभासदांची यादी मी करत होते, आणि समोरच बसलेल्या गायकवाडांचे नाव वगळण्याच्या बेतात होते. कंपनीतून निवृत्त झालेल्या या मंडळींचा नियम असा, की आजारी सभासदाजवळ रुग्णालयात पाळीपाळीने बसायचे आणि खाटेजवळचे बोलणे बाहेर न्यायचे नाही.

"गायकवाड, एखादे पद? पुरस्कार?"

"न्हाई वहिनी. आमी नुसतं बसतो."

"कोणाजवळ बसलात?"

"लई जणांजवळ. तुमच्या मालकांजवळबी, शेवटच्या दिवशी."

माझी लेखणी थांबली. त्या दुपारी मी कपडे आणायला घरी गेले होते.

"काय म्हणाले ते?"

"नियम हाय, वहिनी."

"पाच वर्षे झाली, गायकवाड. सांगा."

त्यांनी मान खाली घातली. "लई कळा येत व्हत्या. म्हणाले, 'ही आली की मी झोपलोय म्हणून सांग, नाहीतर जेवायची नाही.' म्हणून तर तुमाला दारातच डबा खायला बसवलं."

मी त्यांचे नाव यादीत सर्वांत वर लिहिले.

"वर नको, वहिनी. बसणारे पुष्कळ हायेत."

"मग त्या सगळ्यांची नावे सांगा," मी म्हणाले, "सावकाश."